खोडदच्या दोन दुर्बिणी

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावहून पूर्वेला वळले, की द्राक्षांचे मांडव, टोमॅटोचे प्लॉट आणि उसाचे फड यांच्यामागून एकाएकी जाळीच्या प्रचंड तबकड्या डोके वर काढतात. खोडद हे जुन्नर तालुक्यातले गाव जगाच्या नकाशावर आले ते या तबकड्यांमुळे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या आहेत. त्यांतल्या १४ मध्यभागी दाटीने उभ्या आहेत आणि उरलेल्या १६ तीन दिशांना सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरल्या आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा हा प्रकल्प डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून आणि चिकाटीतून उभा राहिला. शास्त्रज्ञ त्याला 'जीएमआरटी' म्हणतात. पंचक्रोशीतल्या माणसाला एवढे लांबलचक नाव लागत नाही. त्याच्या दृष्टीने ती दुर्बीण. 'दुर्बिणीपाशी उतरा', 'दुर्बिणीच्या अलीकडे आमचं रान', असे पत्ते इथे सांगितले जातात.

गंमत अशी, की याच लोकांच्या तोंडी या शब्दाचा दुसराही एक अर्थ आहे. कुणाचा मुतखडा दुर्बिणीने निघतो, कुणाचे पित्ताशय दुर्बिणीने काढतात, आणि अलीकडे नाकाचेही 'दुर्बिणीनं करायचं' असते. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनानिमित्त, खोडदला शाळकरी मुलांची जत्राच भरते. अशाच एका वर्षी रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर एका शेतकऱ्याची गाठ पडली. मी पुण्याहून दुर्बीण बघायला आलो असे म्हणताच तो म्हणाला, "आन् मी दुर्बिणीसाठी पुण्याला जायचं का न्हाई, या इचारात हाये. तुमी शिकल्यालं दिसताय. सांगा बरं, नाकाचं आपरेशन करावं का न करावं?"

मी डॉक्टर नव्हे. पण त्याची हकिगत ऐकली आणि ती डोक्यातून जाईना. पाच वर्षे नाक बंद. कपाळ जड. घशात सतत काहीतरी उतरते. वास तर गेलेलाच. भाकरी करपली तरी कळत नाही. कांदा काढणीचा धुरळा उडाला आणि टोमॅटोवर फवारणी झाली, की आठवडाभर अंगात त्राण राहत नाही. या पाच वर्षांत त्याने किती गोळ्या खाल्ल्या याची गणती नाही. कुणी म्हणाले, 'नाकाचं हाड वाढलंय.' कुणी म्हणाले, 'अ‍ॅलर्जी आहे, जन्माची आहे.' प्रत्येक वेळी पाच दिवसांचे अँटिबायोटिक, एक इंजेक्शन, आणि पंधरा दिवसांनी पहिले पाढे पंचावन्न. शेवटी एका ठिकाणी 'दुर्बिणीनं करून टाका' असा सल्ला मिळाला, तर घरच्यांनी हाय खाल्ली. 'डोळ्याजवळचं काम, नको.' शिवाय, 'एकदा केलं की परत परत करावं लागतं,' असे भावकीतल्या कुणीतरी सांगितलेच होते.

हा प्रश्न त्या एकट्याचा नाही. सर्दीने कुणी मरत नाही, म्हणून ती कुणी मनावर घेत नाही. पण महिनोन् महिने श्वास कोंडलेला, झोप मोडलेली, अन्नाला चव नाही, अशा अवस्थेत राबणाऱ्या माणसाचे जे नुकसान होते, ते कोणत्या सातबाऱ्यावर चढत नाही. म्हणून या दुसऱ्या दुर्बिणीविषयी चार गोष्टी स्पष्टपणे बोलायला हव्यात.

पोकळ्यांचे गणित

आपल्या चेहऱ्याच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात: गालात, कपाळात, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध आणि पार मागे, मेंदूच्या तळाशी. यांनाच सायनस म्हणतात. 'मला सायनस झालाय' असे आपण म्हणतो खरे, पण सायनस सर्वांनाच असतो; होतो तो त्याचा दाह. या पोकळ्यांना आतून ओलसर अस्तर असते. त्यावर डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म केस अहोरात्र हलत असतात आणि तयार होणारा चिकट स्राव ठरावीक वाटेने एका बारीक दाराकडे ढकलत असतात. ते दार नाकात उघडते. दार उघडे असेल तर सारे सुरळीत. ते सुजून बंद झाले, की आत स्राव साचतो, कुजतो, पू होतो.

आता यातली खुबी पाहा. गालातल्या पोकळीचे दार तळाशी नसते, वरच्या अंगाला असते. म्हणजे विहिरीचे पाणी मोटेने वर काढावे तसा हा स्राव ते केस वर चढवतात. पूर्वीच्या शल्यविशारदांना हे उमगले नव्हते. १८९३ साली न्यूयॉर्कच्या कॉल्डवेल यांनी आणि १८९७ मध्ये पॅरिसच्या ल्यूक यांनी स्वतंत्रपणे मांडलेली शस्त्रक्रिया पुढे कित्येक दशके जगभर होत राहिली. वरचा ओठ उचलून हिरडीच्या वर छेद घ्यायचा, गालाचे हाड फोडायचे, आतले सारे अस्तर खरवडून काढायचे आणि पाणी उताराने वाहील या हिशेबाने नाकात खालच्या बाजूला नवे भोक पाडायचे. रुग्णाचा गाल सुजे, दात बधिर होत, आणि तरीही अनेकांचा त्रास परत येई. कारण जे अस्तर शिल्लक राही किंवा नव्याने उगवे, त्यावरचे केस खालच्या नव्या भोकाकडे ढुंकूनही न पाहता स्राव जुन्याच दाराकडे नेत. घरमालकाने नवा दरवाजा केला, पण घरातल्यांची सवय जुन्याच दरवाजाची!

ऑस्ट्रियातील ग्राझ येथील मेसरक्लिंगर यांनी नाकात दुर्बीण घालून ही वाट वर्षानुवर्षे निरखली आणि १९७८ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: दोष बहुधा मोठ्या पोकळीत नसून तिच्या दाराशी, त्या अरुंद बोळात असतो. बोळ मोकळा करा, अस्तराला हात लावू नका. ते आपले आपण बरे होते. त्यांचे सहकारी श्टामबेर्गर आणि अमेरिकेतील केनेडी यांनी हे तंत्र जगभर नेले. १९८५ मध्ये केनेडी यांनी त्याला जे नाव दिले, त्याची आद्याक्षरे म्हणजे आज डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिसणारा 'फेस' हा शब्द. त्यात कापाकापीपेक्षा 'कार्य पूर्ववत करणे' या कल्पनेला महत्त्व आहे.

हे शक्य झाले ते भौतिकशास्त्रामुळे. ब्रिटिश शास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी १९५९ च्या सुमारास बारीक नळीत लहान भिंगांऐवजी काचेच्या कांड्या बसवण्याची युक्ती काढली आणि अंधुक दिसणारे चित्र लखलखीत झाले. याच हॉपकिन्स यांच्याबरोबर १९५४ साली काचतंतूंतून प्रतिमा नेऊन दाखवणारे नरिंदरसिंग कपानी हे पंजाबातल्या मोग्याचे. जेमतेम चार मिलिमीटर जाडीची ही दुर्बीण नाकपुडीतून जाते. बाहेर एकही टाका नाही, चेहऱ्यावर व्रण नाही, आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. पुढे २००५ पासून अमेरिकेत फुग्याचे तंत्रही आले. हृदयाच्या वाहिनीत फुगवतात तसा बारीक फुगा सायनसच्या दारात फुगवून ते रुंदावायचे. मोजक्या रुग्णांना ते उपयोगी आहे. पण नाकात मांस वाढले असेल किंवा बुरशीचा चिखल साचला असेल, तर फुगा काय करणार? तो महागही पडतो. नवे म्हणून सरसकट चांगले, असे समजू नये.

गोंगाट आणि संदेश

खोडदला पाहुण्यांना मोबाइल बंद करायला लावतात. आकाशातून येणारे संदेश इतके क्षीण असतात, की एका मोबाइलचा गोंगाटही त्यांना बुडवतो. वैद्यकातही हेच आहे. आधी गोंगाट वगळावा, मग संदेश ऐकावा. आपल्याकडे नेमके उलट चालते.

कपाळ दुखले की 'सायनस' हे निदान आपण स्वतःच करून टाकतो. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, 'सायनसची डोकेदुखी' आहे असे स्वतः मानणाऱ्या किंवा डॉक्टरांनी तसे सांगितलेल्या सुमारे तीन हजार लोकांची तपासणी झाली. त्यांतल्या ८८ टक्क्यांची लक्षणे प्रत्यक्षात अर्धशिशीच्या जातीची निघाली. अशा माणसाच्या नाकाचे ऑपरेशन केले तर डोके थांबेल कसे? आणि मग गावभर होते, 'केलं, पण काही उपयोग झाला नाही.'

दुसरा गोंगाट 'वाढलेल्या हाडा'चा. नाकाचा मधला पडदा थोडाफार वाकडा असणारी माणसे अमाप आहेत. त्यांतल्या बहुतेकांना काही त्रास नसतो. तिसरा गोंगाट सीटी स्कॅनचा. सर्दी झालेल्याच्या, किंबहुना ठणठणीत माणसाच्याही स्कॅनमध्ये सायनसचे अस्तर थोडे जाड दिसू शकते. स्कॅनचा कागद हे शस्त्रक्रियेचे आमंत्रण नव्हे. आणि चौथा गोंगाट दाताचा. वरच्या दाढांची मुळे गालाच्या सायनसला अगदी खेटून असतात. एकाच बाजूने दुर्गंधीयुक्त पू येत असेल, तर किडक्या दाढेकडे आधी बघायला हवे.

मग दीर्घकालीन सायनसदाह म्हणायचे कशाला? बारा आठवड्यांहून अधिक काळ नाक चोंदलेले, पुढून किंवा घशात घट्ट स्राव, चेहऱ्यावर दाब, वास गेलेला, यांतली लक्षणे हवीत, आणि दुर्बिणीतून किंवा स्कॅनमधून त्याचा पुरावाही हवा. दोन्ही हवे, एक पुरत नाही. माझ्या त्या शेतकऱ्याच्या नाकात पाच वर्षांत एकदाही दुर्बीण घालून कुणी पाहिले नव्हते. गोळ्या मात्र पोतेभर.

या गोळ्यांविषयी आता नीट पुरावा हाती आहे. ब्रिटनमध्ये पाचशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. सर्वांना नाकाचा फवारा आणि मिठाच्या पाण्याने धुणे हे उपचार चालू होतेच. त्यावर काहींना तीन महिने अँटिबायोटिक, काहींना तशीच दिसणारी पोकळ गोळी, तर काहींची दुर्बिणीने शस्त्रक्रिया. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा अँटिबायोटिक आणि पोकळ गोळी यांत फरक आढळला नाही. शस्त्रक्रिया झालेल्यांना मात्र स्पष्ट आराम होता. याचा अर्थ सरळ आहे. योग्य रुग्णाला ऑपरेशनची भीती घालून वर्षानुवर्षे अँटिबायोटिक चारणे हा सावधपणा नव्हे, तो निव्वळ अपव्यय आहे. आणि असे औषध गरज नसता खाल्ल्याने जंतू निर्ढावतात, त्याची किंमत पुढे सगळ्या गावाला मोजावी लागते.

आधी पाणी, मग पाते

याचा अर्थ उठून थेट ऑपरेशनच्या टेबलावर जावे असाही नाही. पहिली पायरी आपल्याच परसातली आहे. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रिया प्रयोगशाळेच्या कसोटीवर घासून पाहण्याचा प्रघात पाडला. हठयोगातल्या जलनेतीला तेव्हा नाके मुरडणारे होते. आज जगभरातले नाकाचे डॉक्टर दीर्घकालीन सायनसदाहावर मिठाच्या पाण्याने नाक धुणे ही पहिली गोष्ट सांगतात. अर्धा लिटर पाण्यात सपाट चमचाभर मीठ, एवढेच. मात्र पाणी उकळून कोमट केलेलेच हवे. विहिरीचे, कॅनॉलचे किंवा नळाचे कच्चे पाणी नाकात घालू नये. दूषित पाण्यातला एक दुर्मीळ अमीबा नाकावाटे मेंदूत शिरून प्राण घेतो. २०११ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नेती करणाऱ्या दोघांचा असा मृत्यू झाला होता.

दुसरी पायरी नाकात मारायच्या स्टेरॉइडच्या फवाऱ्याची. 'स्टेरॉइड' म्हटले की लोक बिचकतात. पण हे औषध नाकापुरतेच राहते, अंगात फारसे भिनत नाही. ते रोज, धीराने, काही आठवडे मारावे लागते. दोन दिवसांत फरक नाही म्हणून बाटली फडताळात टाकणाऱ्यांना गुण येत नाही यात नवल ते काय! एवढे प्रामाणिकपणे करूनही त्रास हटला नाही आणि स्कॅनमध्ये दारे बंद दिसली, तर शस्त्रक्रियेची वेळ आली असे समजावे.

आणि भीतीचे काय? ती अगदीच निराधार नाही. या पोकळ्यांच्या आणि डोळ्यांच्या मध्ये कागदाइतके पातळ हाड असते, वर मेंदूचे आवरण. चुकीच्या हाताने तिथे अनर्थ होऊ शकतो. पण मोठ्या पाहण्यांत गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण सुमारे एक टक्का किंवा त्याहून कमी आढळले आहे. म्हणून 'करू नका' हे उत्तर नव्हे. 'कोण करणार आणि कशासाठी' हे विचारणे हे उत्तर. आधी दुर्बिणीने तपासले का? धुणे आणि फवारा पुरेसा काळ झाला का? स्कॅन डॉक्टरांनी स्वतः बघून समजावून सांगितला का? अशी ऑपरेशने ते नेहमी करतात का? नंतर किती खेपा माराव्या लागतील? हे पाच प्रश्न विचारताना संकोच कसला? बैल घेताना आपण याहून अधिक चौकशी करतो.

'परत परत करावं लागतं' या म्हणण्यातही थोडे तथ्य आहे. नाकात मांसाचे घोस वाढलेले, दमा असलेले, अ‍ॅस्पिरिनचे वावडे असलेले रुग्ण असतात. त्यांचा आजार अस्तराच्या स्वभावातच असतो. शस्त्रक्रिया त्यांना औषध आत पोचण्याची वाट करून देते, स्वभाव बदलत नाही. त्यांनी धुणे आणि फवारा पुढेही चालू ठेवायचा असतो. हे आधी सांगितले गेले, तर नंतर फसवल्याची भावना होत नाही. दुर्दैवाने ते सांगायला वेळ कुणाकडे नसतो.

खेपांचा हिशेब

२०२१ च्या उन्हाळ्यात करोनापाठोपाठ काळ्या बुरशीने महाराष्ट्रात थैमान घातले, तेव्हा ही दुर्बीण म्हणजे काय हे राज्याला कळले. मधुमेह असलेल्या, स्टेरॉइड घेतलेल्या हजारो रुग्णांच्या सायनसमध्ये म्युकर शिरला आणि नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी रात्रंदिवस दुर्बिणीने ती मेलेली ऊती काढून अनेकांचे प्राण वाचवले. कित्येकांचा डोळा मात्र गेला, कारण ते उशिरा पोचले. त्या वेळी वेळेवर नाकात पाहणारी एक दुर्बीण तालुक्याला असती तर, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. साथ ओसरली आणि प्रश्नही ओसरला.

शासकीय विमा योजनांच्या यादीत ही शस्त्रक्रिया आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. हे स्वागतार्हच आहे. पण नाकाच्या शस्त्रक्रियेचे अर्धे यश नंतरच्या देखभालीत असते. पहिल्या काही आठवड्यांत नाकातल्या खपल्या दुर्बिणीखाली तीन-चार वेळा साफ कराव्या लागतात. नाही केल्या तर मोकळी केलेली दारे पुन्हा चिकटतात. खोडदहून पुणे सुमारे ऐंशी किलोमीटर. आधीच्या तपासण्या धरल्या तर सात-आठ खेपा. प्रत्येक खेपेला एसटीचे भाडे, बरोबर एक माणूस, दोघांचा बुडालेला रोज, आणि टोमॅटोचा तोडा असेल तर तोही. म्हणजे ऑपरेशन फुकट, पण बरे होणे फुकट नाही! खेपा चुकतात, आजार उलटतो, आणि बोल लागतो तो दुर्बिणीला.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जुन्नर आणि आंबेगावसारख्या तालुक्यांत प्रत्येक गावी शस्त्रक्रियागृह नको. तालुक्याच्या एखाद्या सरकारी रुग्णालयात एक चार मिलिमीटरची दुर्बीण, एक प्रकाशस्रोत, आणि आठवड्यातून एक ठरलेला दिवस बसणारा तज्ज्ञ, एवढे करा. निदान तिथे व्हावे, फवारा तिथे मिळावा, ऑपरेशन पुण्याला व्हावे आणि नंतरची साफसफाई पुन्हा तिथेच व्हावी. याने पुण्याच्या खेपा सात-आठवरून एक-दोनवर येतील, अकारण होणारी ऑपरेशने टळतील आणि अकारण टळणारी होतील. आशा कार्यकर्तीला 'बारा आठवडे, वास गेला, एकाच बाजूचा पू' एवढ्या तीन खुणा शिकवल्या, तरी योग्य माणूस योग्य दारी पोचेल.

खोडदच्या तबकड्यांनी टिपलेला, सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दूरच्या दीर्घिकेतून निघालेला हायड्रोजनचा संदेश २०२३ मध्ये जगजाहीर झाला. एवढ्या अंतरावरचे ऐकण्याची ईर्ष्या आपण धरली, त्यासाठी माळावर तीस तबकड्या उभ्या केल्या, याचा मला अभिमान आहे. पण त्याच तबकड्यांच्या सावलीत कांदा काढणाऱ्या माणसाला पाच वर्षे फुलाचा वास आला नाही, हे ऐकायला आपल्याला चार मिलिमीटरची दुर्बीण जमू नये?

त्या दिवशी मी त्याला एवढेच म्हणालो, "दादा, करायचं का नाही ते मागाहून ठरवा. आधी नाकात दुर्बीण घालून नीट बघून घ्या." तो हसला आणि म्हणाला, "बघायचंय कुठं, त्येच तर इचारतोय." त्याच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. ज्यांच्याकडे असायला हवे, त्यांनी ते द्यावे.